फॉइल अर्धवट बसतं, शाई पुसते: बिघडलेलं कार्ड फेकण्याआधी काय बघायचं

हातानं शुभेच्छापत्रं करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते: "मागच्या वेळी छान जमलं होतं, आता त्याच सामानानं बिघडतंय." सोनेरी अक्षरांना मधेच टक्कल पडतं, अक्षराबाहेर चमकीचे कण बसतात, स्टॅम्पची शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते, एम्बॉसिंगच्या (पावडर वितळवून उठवलेल्या ठशाच्या) भोवती पावडरची रांगोळी उरते. मग आपण तापमान वाढवतो, नाही जमलं तर कमी करतो, फॉइलचा, म्हणजे चमकीचा थर असलेल्या पातळ फिल्मचा, रोल बदलतो, आणि काहीच चाललं नाही की मशिनच्या नावानं बोटं मोडतो. एवढ्यात चांगल्या कागदाची चळत संपलेली असते आणि नक्की काय बदलल्यानं काय झालं हे कुणालाच आठवत नसतं.

सेटिंगला हात लावण्याआधी बिघडलेलं कार्ड वाचायला शिका. दोष कुठे पडलाय यावरून तो कशामुळे पडलाय हे बरंचसं कळतं, आणि कळेपर्यंत एका वेळी एकच गोष्ट बदला.

सुरुवातीची चाचणी साधी आहे. एकच डिझाइन लागोपाठ तीन कार्डांवर काढा आणि तिन्ही शेजारी ठेवा. टक्कल प्रत्येक कार्डावर त्याच जागी असेल तर गडबड प्लेटमध्ये (डिझाइन असलेल्या धातूच्या पट्टीत), स्टॅम्पमध्ये किंवा दाबात आहे. जागा बदलत असेल तर संशय कागदावर, धुळीवर, बोटांच्या डागांवर. आता प्लेट 180 अंशांत फिरवून चौथं कार्ड काढा. दोष डिझाइनबरोबर फिरला, तर प्लेटचा तो भाग झिजलाय, दबलाय किंवा त्यावर काहीतरी चिकटलंय. दोष मशिनच्या त्याच बाजूला राहिला, तर रोलर किंवा दाब त्या बाजूला कमी पडतोय. या चार कार्डांत जे समजतं ते तापमानाचं बटण तासभर फिरवूनही समजत नाही.

वापरलेलं फॉइल टाकू नका

सगळ्यात मोठा पुरावा आपण सर्रास कचऱ्यात टाकतो. कार्डावरून सोललेली फिल्म खिडकीसमोर धरून बघा. तिच्यात डिझाइनचा उलटा ठसा दिसतो: जिथली चमक कार्डावर गेली तिथे फिल्म जवळपास आरपार, बाकी ठिकाणी सोनेरी.

आता कार्डावरच्या टकलाची जागा फिल्मवर शोधा. तिथे फिल्म अजून सोनेरी असेल, तर फॉइल सुटलंच नाही. उष्णता कमी पडली, दाब कमी पडला किंवा वेळ कमी पडला. तिथे फिल्म आरपार असेल पण कार्ड कोरं, तर फॉइल सुटलं होतं आणि कागदानं ते धरून ठेवलं नाही. अशा वेळी तापमान कितीही वाढवा, उपयोग शून्य. कागदाचा पृष्ठभाग बघायला हवा. आणि अक्षराच्या पोटातली बारीक मोकळी जागा, म्हणजे 'क'चं किंवा 'ठ'चं भोक, फिल्मवरही आरपार झालं असेल, तर उष्णता किंवा दाब जास्त झालाय.

असं का होतं हे फॉइलची रचना पाहिली की कळतं. गरम प्लेटनं छापायचं फॉइल म्हणजे एकावर एक थर. वर पॉलिएस्टरची फिल्म, साधारण 12 मायक्रॉनची. तिच्याखाली उष्णतेनं सैल होणारा थर, मग रंगीत लॅकर, मग ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, आणि सगळ्यात खाली उष्णतेनं चिकट होणारा थर. सोनेरी फॉइलमध्ये सोनं नसतं. ॲल्युमिनियमवरचा पिवळसर लॅकर सोन्यासारखा दिसतो. कार्डावर फॉइल बसायचं तर वरचा थर सुटला पाहिजे आणि खालचा थर चिकटला पाहिजे, दोन्ही एकाच क्षणी. फिल्म बघून यातलं कोणतं काम अडलं ते समजतं.

फॉइल कोणतं आहे?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण "काहीच चिकटत नाही" या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. बाजारात दोन जातीची फॉइलं सारखीच दिसतात. एक गरम प्लेटसाठी, तिला स्वतःचा चिकट थर असतो आणि ती कोऱ्या कागदावर बसते. दुसरी टोनरवर बसणारी; ती लेझर प्रिंटरनं छापलेल्या काळ्या टोनरवर ठेवून लॅमिनेटरमधून काढायची. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. ती पुन्हा वितळते आणि फॉइल पकडते. हे फॉइल गरम प्लेटखाली कोऱ्या कागदावर ठेवलंत तर ते ढिम्म हलणार नाही. इंकजेट प्रिंटरच्या छपाईवरही ते बसत नाही, कारण त्या शाईत वितळण्यासारखं काही नसतं. छपाई घरी इंकजेटवर काढून त्याची लेझर मशिनवर झेरॉक्स घेतली तरी काम होतं, कारण झेरॉक्समध्येही टोनरच असतो.

रोलवरचं लेबल फाटलं असेल तर एक तुकडा कोऱ्या कागदावर गरम प्लेटखाली दाबून बघा. ठसा उठला तर पहिली जात.

आणि बाजू. रंगीत चकचकीत बाजू वर, आपल्याकडे. मंद बाजू कागदाकडे. चंदेरी फॉइलमध्ये दोन्ही बाजू फसव्या दिसतात, तिथे थोडं थांबून बघावं.

उष्णता आणि दाब

गरम प्लेटच्या कामात सगळ्यात अवघड डिझाइन म्हणजे ज्यात एक मोठा भरीव आकार आणि शेजारी केसासारख्या बारीक रेषा आहेत. भरीव आकाराला जास्त दाब आणि जास्त वेळ लागतो, शिवाय त्याच्याखाली हवा अडकते. बारीक रेषांना तेवढाच दाब दिला की त्या फुगतात आणि भोकं बुजतात. दोघांना एकाच फेरीत खूश करणारं सेटिंग शोधत बसण्यात अर्थ नाही. दोन वेगळ्या प्लेटा असतील तर दोन फेऱ्यांत करा. एकच प्लेट असेल तर बारीक रेषांच्या मापानं सेटिंग ठेवा आणि भरीव भागाखाली पॅकिंग द्या.

पॅकिंग म्हणजे छापखान्यातली जुनी युक्ती: जिथे दाब कमी पडतो तिथे कार्डाच्या मागे साध्या कागदाचा तुकडा, त्या आकाराहून किंचित लहान कापलेला. एक पुरला नाही तर दुसरा, पहिल्याहून लहान. कडा एकमेकींवर येऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या बाजूनं पायरी उमटते. एका बाजूचा रोलर कमी दाबत असेल तेव्हाही हाच इलाज, फक्त कागदाची पट्टी लांब. जाड कार्डस्टॉक घेऊन दाब वाढवायला जाऊ नका. 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या) पुढे बऱ्याच छोट्या मशिनांचे रोलर अडखळतात, आणि अडखळले की फॉइलला आडव्या सुरकुत्या पडतात.

घाई इथे सगळ्यात जास्त नडते. मशिनची प्लेट तापल्याचा दिवा लागला म्हणजे तिच्यावर ठेवलेली धातूची डिझाइन-प्लेट तापली असं नाही. थंड धातू उष्णता खेचून घेतो, त्यामुळे पहिलं कार्ड नेहमी फिकं आणि तिसऱ्यापासून छान, असा प्रकार होतो. डिझाइन-प्लेट ठेवल्यावर मिनिटभर थांबा, मग फॉइल ठेवा. सोलतानाही घाई करायची नाही. टोनरचं फॉइल तर पूर्ण थंड झाल्याशिवाय सोलूच नका. टोनर मऊ असताना ओढलं की निम्मं फिल्मबरोबर परत येतं.

लॅमिनेटरला जाडीची निवड असेल तर 125 मायक्रॉनच्या पाऊचची सेटिंग साधारण योग्य ठरते, कारण ती 80 मायक्रॉनच्या सेटिंगपेक्षा जास्त उष्णता देते. कार्ड आणि फॉइल पातळ कागदाच्या घडीत ठेवून घाला, घडीची बाजू आधी. फॉइल डिझाइनपेक्षा थोडंच मोठं कापलं तर सुरकुत्या कमी पडतात.

टोनरवर बारीक बारीक टकलं सर्वत्र असतील तर छपाईकडे वळा. प्रिंटरमधला टोनर-बचतीचा पर्याय चालू राहिला की टोनर जाळीदार पडतो आणि फॉइल त्या जाळीसारखंच बसतं. रंग शंभर टक्के काळा असावा, करडा चालत नाही. करडा रंग प्रिंटर ठिपक्यांनीच काढतो. आणि छापलेल्या भागाला बोट लावू नका. त्वचेचं तेल टोनरवर बसलं की त्या ठशाच्या आकाराचं टक्कल पडतं. बोटाच्या रेषांसकट.

कागद आणि हवा

जागा बदलणारे, आज आहे उद्या नाही असे दोष जवळपास नेहमी इथून येतात. साध्या खोलीतल्या कागदात वजनाच्या 5 ते 6 टक्के पाणी असतं. हवा दमट झाली की ते वाढतं. असा कागद गरम प्लेटखाली किंवा लॅमिनेटरमध्ये गेला की पाण्याची वाफ होते, आणि तिला फॉइलच्या खालून बाहेर पडायला वाट नसते. परिणाम म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी असंख्य टकलं, भिंगातून पाहिली तर गोल, आणि कार्ड केळीच्या पानासारखं वळलेलं. छापखान्यांत हवेची आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवतात ती उगाच नाही. घरी एवढं जमत नाही, पण कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, आडवा, जमिनीपासून उंचावर ठेवता येतो. काम करण्याआधी तेवढेच कागद बाहेर काढा. शंका आली तर कोरा कागद फॉइलशिवाय एकदा लॅमिनेटरमधून काढा; ओलावा निघून जातो. मात्र मग तासभर ठेवून देऊ नका, कोरडा कागद हवेतून पाणी पुन्हा ओढून घेतो.

कागदाचा पोतही बघा. जलरंगाच्या खडबडीत कागदाला खड्डे असतात आणि फॉइल फक्त टेकाडांवर बसतं. काहींना तो तुटक दिसणारा परिणाम आवडतो. मला अक्षरांवर तो नेहमी बिघाडासारखाच वाटतो. गुळगुळीत कागद सगळ्यात भरवशाचा, पण मोत्यासारखी चमक असलेल्या कागदावर आधी एक तुकडा करून बघा. त्याच्या काही लेपांवर चिकट थर पकडतच नाही. हा तोच प्रकार जिथे फिल्म आरपार आणि कार्ड कोरं.

शाईची बाजू

शाई वाळत नाही ही तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारते: कागद चकचकीत आहे का? डाय इंक कागदाच्या तंतूंत शिरते आणि पटकन वाळते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे कण असतात, ते वर राहतात, म्हणून रंग भरघोस दिसतो आणि वाळायला वेळ लागतो. चकचकीत कागदावर, ट्रेसिंगसारख्या पारदर्शक कागदावर किंवा फॉइलवर ती जवळपास वाळतच नाही. अशा जागी सॉल्व्हंट शाई (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातली) घ्या, किंवा पिगमेंट इंकवर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाकून तापवा.

ठसा डागाळलेला येत असेल तर शाई नेहमी दोषी नसते. नवीन पारदर्शक स्टॅम्पवर साच्यातून सुटण्यासाठीचा पातळ लेप राहिलेला असतो, आणि शाई त्यावर थेंबाथेंबानं गोळा होते. स्टॅम्प उजेडात तिरका धरला की हे मोत्यांसारखे थेंब स्पष्ट दिसतात. पांढऱ्या खोडरबरानं स्टॅम्पचा पृष्ठभाग हलकेच घासा, पुसा, दोन-चार ठसे रद्दीवर घ्या. बहुतेक स्टॅम्प एवढ्यानं सुधारतात. मोठ्या भरीव स्टॅम्पला खाली फोमची पातळ चटई लागते. लाकडी टेबल दिसतं सपाट, पण नसतं. पारदर्शक स्टॅम्प साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, सॉल्व्हंट असलेल्या क्लीनरनं ते खराब होतात.

ठशावर रंग भरताना रेषा पसरत असेल तर जोडी चुकलीय. अल्कोहोल मार्करखाली सॉल्व्हंट शाई विरघळते. जलरंगाखाली साधी डाय इंक वाहते. म्हणजे मार्करखाली पाण्याच्या पायाची शाई, आणि पाण्याखाली जलरोधक. पाकिटावर लिहिलेलं असतं, फक्त ते आपण शाई पसरल्यावर वाचतो.

पावडर, वीज आणि एक उलटणारा इलाज

एम्बॉसिंग करताना ठशाबाहेर पावडर चिकटते ती तीन कारणांनी: स्थिर विद्युत, हाताचं तेल, नाहीतर कागदातला ओलावा. यावर सगळे अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवायला सांगतात, आणि ती खरंच उपयोगी पडते. पण त्याच कार्डावर नंतर फॉइल करायचं असेल तर तीच पुरचुंडी घात करते. तिची बारीक भुकटी कागद आणि फॉइलच्या मधे बसते, आणि मग लोक पुन्हा तापमान वाढवायला धावतात. अशा कार्डांवर आधी कोरडी उष्णता देऊन ओलावा घालवा, कागद कडेनं धरा, आणि उरलेले कण तापवण्याआधी कोरड्या बारीक ब्रशनं काढा. पुरचुंडी वापरलीच तर फक्त ठशाच्या जागी, आणि नंतर मऊ कापडानं पुसा.

हीट गन कागदापासून दूर धरून आधी काही सेकंद तापू द्या. थंड झोतानं पावडर उडते. वितळली की गन लगेच पुढे न्या. पावडर कमी तापली तर खडबडीत राहते, जास्त तापली तर कागदात जिरते, ठसा सपाट आणि तेलकट दिसतो, पांढरी असेल तर पिवळसर होते.

आधी काय, नंतर काय

सगळं सामान चांगलं असूनही फॉइल नको तिथे बसत असेल तर बहुधा क्रम उलटा झालाय. वितळलेली एम्बॉसिंग पावडर पुन्हा तापली की मऊ होते आणि फॉइल पकडते. काहीजण मुद्दाम हेच करतात आणि छान दिसतं. पण एम्बॉस केलेलं कार्ड फॉइलसाठी लॅमिनेटरमध्ये घातलं की त्या ठशालाही सोनं लागतं, वर ठसा दबून सपाट होतो. ओलसर पिगमेंट इंकही फॉइल ओढून घेते. एम्बॉसिंगची पारदर्शक शाई तर दिसतही नाही. तिचं बोट कागदाला लागलं की तिथे नंतर सोनेरी अंगठा उमटतो.

म्हणून कोऱ्या कागदावर आधी फॉइल, मग स्टॅम्पची शाई, ती वाळू द्यायची, मग रंग, आणि एम्बॉसिंग शेवटी. हीट गन फॉइलच्या अक्षरांवर रेंगाळू देऊ नका, टोनर पुन्हा मऊ होऊन चमक जाते. मधे पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरला तरी पुरतं.

बिघडलेलं सावरता येतं का

टोनरवरचं टक्कल सहज भरतं, कारण खालचा टोनर अजून उघडा असतो. ताज्या फॉइलचा तुकडा त्या जागी ठेवा, कार्ड पुन्हा लॅमिनेटरमधून काढा, थंड करा, सोला. आधीच्या फॉइलवर नवं बसत नाही, म्हणून जोड दिसत नाही.

गरम प्लेटच्या कामात दुसरी संधी फक्त कार्ड हलवलं नसेल तर. म्हणून कार्ड एका बाजूला कमी चिकटणाऱ्या टेपनं बसवा आणि दुसरी कड उचलून आत डोकावा. कमी पडलं असेल तर तसंच खाली टेकवून फेरी पुन्हा द्या. एकदा पूर्ण उचललं की रेषा जुळत नाहीत, दुहेरी कडा येतात.

अक्षरांच्या पोटात साचलेली चमक पांढऱ्या खोडरबराच्या टोकानं निघते, पण खोडरबर धार कापून घ्या आणि रेषेकडून बाहेरच्या दिशेनं ओढा. कडेच्या सुट्या चिंधड्या मऊ कापडानं पुसून जातात. नाही पुसल्या तर त्या पाकिटात सुटतात. कागदच चमक धरत नसेल, म्हणजे बोट फिरवलं की निघून येते, तर त्यावर अजून वेळ घालवू नका. चांगला बसलेला भाग कटिंग डायनं (कापायच्या साच्यानं) कापून घ्या, फोमच्या चकत्यांवर नव्या कोऱ्या कार्डावर चिकटवा, आणि उरलेला कागद पॅकिंगच्या तुकड्यांच्या डब्यात टाका.